लुक ॲट, लुक फॉर, लुक आफ्टर: लिस्ट पाठ करूनही का राहत नाही?

प्रश्न थोडक्यात असा होता: बारावीपर्यंत मराठी मिडीयम, मग डिप्लोमा, आता आयटी सपोर्टमधे नोकरी आणि क्लाएंट अमेरिकेतले. वाक्यं बऱ्यापैकी जमतात, पण लुक, टेक, पुट, रन, गेट असल्या अगदी साध्या क्रियापदांच्या मागे एखादा 'ऑफ' नाहीतर 'अप' लागला की अर्थच पलटतो आणि कॉलवर तारांबळ उडते. असल्या जोड्यांची, म्हणजे फ्रेजल व्हर्ब्सची, दोनशेची लिस्ट पाठ केली, थोड्याच दिवसांत सगळं उडालं. ह्याला काही नियम आहे की जन्मभर पाठच करत बसायचं? आणि शेवटी एक उपप्रश्न, की बसमधून 'गेट डाऊन' का म्हणायचं नाही.

मी नोकरी करणाऱ्या लोकांना इंग्रजी शिकवते, बहुतेक सगळे मराठी मिडीयमचे, आणि हा प्रश्न विचारला गेला नाही अशी बॅच मला आठवत नाही. त्यामुळे आधी हे सांगते की तुम्ही एकटे नाही. सॅम्युअल जॉन्सनने 1755 मधे इंग्रजीची ती प्रसिद्ध डिक्शनरी काढली, तिच्या प्रस्तावनेतच त्याने म्हणून ठेवलंय की क्रियापदाला छोटा शब्द जोडून अर्थ बदलायची जी आमची पद्धत आहे तिचा परदेशी लोकांना सगळ्यात जास्त त्रास होतो. अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी डिक्शनरीवाल्यानेच मान्य केलेली गोष्ट आहे ही.

आता मुद्दा. तुमची स्मरणशक्ती कमी आहे असं मला अजिबात वाटत नाही, लिस्टच चुकीच्या बाजूने लावलेली असते. 'टेक' ह्या मथळ्याखाली टेक ऑफ, टेक ऑन, टेक ओव्हर, टेक अप, टेक आफ्टर असं सगळं एका खाली एक दिलेलं असतं, मग डोकं 'टेक म्हणजे घेणे' हे घट्ट धरून बसतं आणि मागचा शब्द म्हणजे नुसती पुरवणी असं समजून सोडून देतं. प्रत्यक्षात उलटं असतं. 'टेक ऑफ' मधे महत्त्वाचं काम 'ऑफ' करतो. विमान जमिनीपासून सुटलं, शर्ट अंगावरून सुटला, बिलातले शंभर रुपये सुटले, कामातून एक दिवस सुटला, ह्या चारही ठिकाणी इंग्रजी माणूस 'टेक ऑफ'च वापरतो आणि चारही ठिकाणी समान गोष्ट एकच आहे, काहीतरी कशापासून तरी सुटं होतंय. तुम्ही जर 'ऑफ म्हणजे सुटणे' एवढं पकडलंत तर चार अर्थ चार वेळा पाठ करावे लागत नाहीत.

थांबा, पण हे सगळ्यांना सारखं लागू नाही. एमपीएससी किंवा बँकेची परीक्षा देत असाल तर तिथे गाळलेली जागा भरायची असते, चार पर्याय असतात, वेळ मोजून असतो, तिथे लिस्ट पाठ करण्याला पर्याय नाही आणि मी सांगते त्यातलं थोडंच कामाला येईल. रिपोर्ट नाहीतर कायदेशीर पत्र लिहीत असाल तर 'पुट ऑफ' ऐवजी 'पोस्टपोन', 'लुक इनटू' ऐवजी 'इन्व्हेस्टिगेट' लिहून मोकळं होता येतं. पण तुम्हाला कॉलवर समोरच्याचं कळायला पाहिजे, आणि समोरचा पोस्टपोन म्हणत नाही, तो 'पुश बॅक' किंवा 'पुट ऑफ' म्हणतो, त्यामुळे तुम्हाला आतलं लॉजिकच लागणार. खालचं सगळं तुमच्यासाठी आहे.

पहिली गोष्ट म्हणजे हे आपल्याला नवीन नाही हो. आपण मराठीत दिवसभर हेच करतो, फक्त शब्द वेगळ्या जातीचा वापरतो. लिहून घे, लिहून ठेव, लिहून दे, लिहून काढ, लिहून टाक. 'लिहिणे' सगळीकडे तेच, पण कुणी तुम्हाला 'लिहून घे' च्या जागी 'लिहून दे' म्हणालं तर तुम्ही लगेच ओळखता की पेन कुणाच्या हातात आहे आणि कागद कुणाकडे जाणार. हा अर्थ 'लिहून' मधे कुठेच नाही, तो मागच्या क्रियापदात आहे. इंग्रजीला ही सोय नाही, तिथे हे काम अप, ऑफ, आउट, डाऊन करतात. लिहून ठेव म्हणजे 'राइट डाऊन', लिहून काढ म्हणजे 'राइट आउट', समोरचा सांगतोय ते लिहून घे म्हणजे 'टेक डाऊन'. खाऊन टाक म्हणजे 'ईट अप', विकून टाक म्हणजे 'सेल ऑफ', देऊन टाक म्हणजे 'गिव्ह अवे', सोडून दे म्हणजे 'गिव्ह अप', शोधून काढ म्हणजे 'फाइंड आउट', वाचून काढ म्हणजे 'रीड थ्रू', निघून जा म्हणजे 'गो अवे'. माझं सगळ्यात आवडतं म्हणजे 'हिअर मी आउट'. हे मी कितीही समजावलं तरी पोरांच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह असतं, आणि मग 'अरे आधी माझं पूर्ण ऐकून तर घे' असं म्हटलं की लगेच लक्षात येतं.

आता ह्याच्यावरून कुणी 'टाक म्हणजे अप, काढ म्हणजे आउट' असा तक्ता बनवू नका, तो दोन दिवसात फसेल. टाक कधी अप होतो, कधी ऑफ, कधी अवे. मी एवढंच म्हणते की कुठलंही फ्रेजल व्हर्ब समोर आलं की त्याचं मराठी एका शब्दात शोधू नका, दोन क्रियापदांच्या जोडीत शोधा. बऱ्याच वेळा जोडी मिळते आणि जोडी मिळाली की ते राहतं.

आता मागचे शब्द. सगळे सारखे महत्त्वाचे नाहीत, मी तीनवर जास्त वेळ घालवते, अप, आउट आणि ऑफ.

'अप' म्हणजे वर, हे सगळ्यांना माहितीये. वर म्हणजे जास्त, म्हणून आवाज वाढव 'टर्न इट अप', जरा मोठ्याने बोल 'स्पीक अप'. भांडं भरत वर आलं की काठोकाठ होतं, पूर्ण होतं, म्हणून 'अप' म्हणजे पूर्ण, संपेपर्यंत. ईट अप, यूज अप, टेअर अप म्हणजे फाडून तुकडे करणे. आणि तिसरं, जे खाली दडलेलं होतं ते वर येऊन दिसायला लागतं. इश्यू 'कम अप' झाला, मीटिंगमधे कुणी विषय काढला तर त्याने तो 'ब्रिंग अप' केला, माणूस अचानक हजर झाला तर 'शो अप' किंवा 'टर्न अप', डिक्शनरीत शब्द शोधला तर 'लुक अप', क्लाएंट म्हणाला 'लेट मी पुल अप द रिपोर्ट' तर तो रिपोर्ट स्क्रीनवर आणतोय. ह्या तिसऱ्या अर्थाकडे पुस्तकं फार लक्ष देत नाहीत आणि ऑफिसमधे नेमका हाच सगळ्यात जास्त कानावर पडतो.

'आउट' म्हणजे बाहेर. बाहेर आलं म्हणजे उघड झालं, फाइंड आउट, फिगर आउट, पॉइंट आउट, 'इट टर्न्ड आउट दॅट' म्हणजे शेवटी असं निघालं की. (मराठीत पण 'निघालं'च म्हणतो बघा.) बाहेर गेलं म्हणजे यादीतून वगळलं, 'रूल आउट', हे सपोर्टवाल्यांना रोज लागतं, नेटवर्कचा प्रॉब्लेम नाही हे पक्कं झालं की 'वी हॅव रूल्ड आउट द नेटवर्क'. बाहेर गेलं म्हणजे संपलं, 'रन आउट ऑफ डिस्क स्पेस', 'सोल्ड आउट'. आणि बाहेर चौफेर गेलं म्हणजे वाटलं, 'हँड आउट', नवीन व्हर्जन सगळ्यांना दिलं तर 'रोल आउट'. 

'ऑफ' चं सुटणं वर आलंच. मीटिंग रद्द केली, कॅलेंडरवरून सुटली, 'कॉल ऑफ'. आजच्या दिवसापासून सोडवून पुढे ढकलली, 'पुट ऑफ'. कर्जातून सुटलो, 'पे ऑफ'. माणसाला गाडीत बसवून निरोप दिला, 'सी ऑफ'. कंपनीने कामावरून कमी केलं, 'ले ऑफ', हा शब्द दुर्दैवाने सगळ्यांना माहिती झालाय. आता ह्यातलं खट्याळ कार्टं म्हणजे 'गो ऑफ'. लाईट गो ऑफ झाला तर बंद झाला, आणि अलार्म गो ऑफ झाला तर वाजायला लागला! दूध गो ऑफ झालं तर नासलं, हे ब्रिटिश लोक जास्त म्हणतात. विद्यार्थी इथे वैतागतात आणि त्यांचं बरोबर आहे. मी असं सांगते की आधीची जी शांत, नेहमीची अवस्था होती तिच्यापासून ती वस्तू सुटली, लाईट जळत होता तो सुटला, अलार्म गप्प होता तो सुटला, दूध चांगलं होतं ते सुटलं. पटलं तर घ्या, नाही पटलं तर ही तीन वाक्यं पाठ करा, मी भांडणार नाही. काही ठिकाणी लॉजिक ओढूनताणून लावावं लागतं आणि जो म्हणतो की सगळ्या फ्रेजल व्हर्ब्सना लॉजिक आहे तो क्लास विकतोय असं समजा.

बाकीचे पटकन सांगते. 'डाऊन' म्हणजे खाली, कमी होत थांबेपर्यंत, स्लो डाऊन, 'काम डाऊन' (calm, शांत होणे), शट डाऊन, ब्रेक डाऊन, आणि ऑफर नाकारली तर टर्न डाऊन. 'ऑन' म्हणजे चिकटून राहणं, म्हणून चालू ठेवणं, कॅरी ऑन, गो ऑन, हँग ऑन. 'ओव्हर' म्हणजे ह्या बाजूकडून त्या बाजूला, म्हणून कामाचे हात बदलणं, हँड ओव्हर, टेक ओव्हर, आणि नजर ह्या टोकापासून त्या टोकाला फिरवणं, गो ओव्हर, लुक ओव्हर. सावध, 'लुक ओव्हर' म्हणजे नजर टाकून तपासणे आणि तोच तुकडा पुढे जोडून 'ओव्हरलुक' झालं की नजरेतून सुटणे किंवा काणाडोळा करणे, मेलमधे 'प्लीज ओव्हरलुक द रिपोर्ट' असं लिहिलं की समोरच्याला वाटेल रिपोर्टकडे दुर्लक्ष करायला सांगताय. 'थ्रू' म्हणजे ह्या टोकातून शिरून त्या टोकाला. मागे एका बॅचमधला मुलगा सांगत होता की क्लाएंट म्हणाला 'कॅन यू वॉक मी थ्रू द स्टेप्स', आणि हा विचारात पडला की मी हिंजवडीत, तो टेक्सासमधे, चालायचं कुठून? वॉक कडे बघितलं की असं होतं. थ्रू कडे बघा, पहिल्या स्टेपपासून शेवटच्या स्टेपपर्यंत मला बरोबर घेऊन चला, म्हणजे एकेक करून समजावून सांगा.

आता तुमचं 'लुक' घेऊ, कारण तुम्ही ते मुद्दाम विचारलंत. 'लुक' म्हणजे नजर टाकणे एवढंच, नजर कुठे आणि कशासाठी जाते ते मागचा शब्द सांगतो. लुक ॲट, नजर त्याच्यावर रोखली. लुक फॉर, काहीतरी हवंय त्याच्यासाठी नजर फिरतेय, म्हणून शोधणे. लुक आफ्टर, आफ्टर म्हणजे मागे, पोराच्या मागे मागे नजर, म्हणून सांभाळणे. लुक इनटू, आत डोकावून बघणे, म्हणून चौकशी. लुक डाऊन ऑन आणि लुक अप टू तर आपल्याकडच्यासारखंच आहे, एखाद्याला खालचा समजणं किंवा वरचा मानणं. राहिलं लुक फॉरवर्ड टू, त्याच्यात अर्थाची अडचण नाही, नजर पुढे लागलीये, वाट बघतोय. अडचण पुढच्या शब्दाची आहे. आपल्या ऑफिसांमधे दहातले निम्मे मेल 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू' ने संपतात असं मला वाटतं, ते 'हिअरिंग' पाहिजे. हा 'टू' 'टू गो, टू ईट' मधला नाही, हा 'कडे' वाला टू आहे. ओळखायचं कसं, तर त्याच्या पुढे एखादं नाम टाकून बघा. 'लुकिंग फॉरवर्ड टू द मीटिंग' चालतं ना, मग तिथे क्रियापद येताना नामासारखं होऊन आयएनजी लावूनच येणार.

इथवर आपण अर्थ बघितला. आता दुसरा प्रश्न, हे शब्द बसतात कुठे. 'टर्न ऑफ द लाईट' पण चालतं आणि 'टर्न द लाईट ऑफ' पण. पण लाईटच्या जागी 'इट' आला की एकच जागा, 'टर्न इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' हे कुणीच म्हणत नाही. उलट 'लुक फॉर इट' बरोबर आणि 'लुक इट फॉर' म्हणजे काहीच नाही. हे का, तर लुक फॉर मधला 'फॉर' हा पुढच्या नामाचा आहे, आपल्या 'साठी' सारखा, तो नामाला सोडून राहू शकत नाही. टर्न ऑफ मधला 'ऑफ' क्रियापदाचा आहे, तो मधे जागा देतो. कान लावलात तर हे ऐकूही येतं, 'टर्न इट ऑफ' मधे जोर ऑफ वर पडतो, 'लुक ॲट इट' मधे जोर लुक वर आणि 'ॲट इट' घाईत 'अटिट' असं निघून जातं. कॉलवर तुम्हाला ॲट आणि फॉर ऐकू येत नाहीत ह्याचं कारण तुमचा कान नाही, ते लोक खरंच तो शब्द गिळतात. पण पिक इट अप, रूल इट आउट, कॉल इट ऑफ मधला शेवटचा शब्द ते गिळत नाहीत. म्हणजे जो शब्द अर्थ फिरवतो तो बहुधा स्पष्ट ऐकू येतो. मोठी सोय आहे ही.

ह्याच्याच जवळचं, लिहिताना. लॉग इन, बॅक अप, सेट अप हे क्रियापद असताना दोन शब्द, नाम असताना एक. 'प्लीज लॉग इन' पण 'युवर लॉगिन'. 'बॅक अप द डेटा' पण 'टेक अ बॅकअप'. 

आता एक प्रकार असा आहे की तिथे शब्द बदलत नाही, नुसता असतो किंवा नसतो, आणि तेवढ्याने घोटाळा होतो. 'आय ॲम लीव्हिंग पुणे' म्हणजे पुणं सोडतोय, 'आय ॲम लीव्हिंग फॉर पुणे' म्हणजे पुण्याला निघालोय. दिशा बरोबर उलटी. 'द पोलीस सर्च्ड हिम' म्हणजे त्याची झडती घेतली, तो समोरच उभा होता, 'सर्च्ड फॉर हिम' म्हणजे त्याला शोधत होते, तो सापडलेला नाही. 'प्रिपेअर द टेस्ट' सर करतात, पेपर काढतात, 'प्रिपेअर फॉर द टेस्ट' विद्यार्थी करतात. 'पे द वेटर', 'पे द बिल', पण 'पे फॉर द मील'. 'ही शॉट द टायगर' मधे गोळी लागली, 'शॉट ॲट द टायगर' मधे नेम धरून झाडली, लागली का नाही माहिती नाही. ह्या 'ॲट' मधे एक निशाणा धरल्याची भावना असते, म्हणून 'थ्रो द बॉल टू मी' म्हणजे माझ्याकडे टाक, मी झेलतो, आणि 'थ्रो ॲट मी' म्हणजे मला मारायलाच फेकलास. 'शाउट टू' म्हणजे लांब आहे म्हणून हाक मारली, 'शाउट ॲट' म्हणजे खेकसला. 'माय मॅनेजर शाउटेड टू मी' असं तुम्ही एचआरला लिहिलंत तर तक्रारीतली हवाच निघून जाईल.

तर आतापर्यंत तीन गोष्टी झाल्या: मागचा शब्द अर्थ फिरवतो, त्याची जागा ठरलेली असते, आणि तो नसणं हेसुद्धा काहीतरी सांगतं. चौथी गोष्ट तुम्ही विचारली नाही पण तुमच्या प्रश्नातच दोन वाक्यं अशी होती म्हणून सांगते, मराठी विभक्ती जशीच्या तशी इंग्रजीत नेणं.

आपण 'च्यावर चिडणे' म्हणतो म्हणून 'अँग्री ऑन मी' येतं, पाहिजे 'अँग्री विथ मी'. 'च्यावर विश्वास' म्हणून 'ट्रस्ट ऑन हिम', पाहिजे नुसतं 'ट्रस्ट हिम'. 'च्याशी लग्न' म्हणून 'मॅरी विथ', पाहिजे 'मॅरी हर'. 'त्याला विचार' म्हणून 'आस्क टू हिम', पाहिजे 'आस्क हिम'. उलट 'माझी वाट बघ', 'माझं ऐक' ह्यात आपल्याला काहीच लावल्यासारखं वाटत नाही म्हणून 'वेट मी', 'लिसन मी' होतं, तिथे मात्र 'वेट फॉर मी', 'लिसन टू मी' लागतं. 'मला समजाव' चं 'एक्सप्लेन मी' तर मी चांगल्या पगारावरच्या लोकांकडूनही ऐकते, 'एक्सप्लेन इट टू मी' पाहिजे. आणि सगळ्यात जास्त म्हणजे 'डिस्कस अबाउट'. ह्याच्यासाठी माझ्याकडे एक युक्ती आहे जी खरंच चालते: ह्या गटातले शब्द क्रियापद असतील तर प्रिपोझिशन (अबाउट, फॉर असला शब्द) नको, नाम असतील तर हवं. वी डिस्कस्ड द इश्यू, पण वी हॅड अ डिस्कशन अबाउट द इश्यू. आय ऑर्डर्ड थ्री लॅपटॉप्स, पण आय प्लेस्ड ॲन ऑर्डर फॉर थ्री लॅपटॉप्स. आय रिक्वेस्टेड ॲक्सेस, पण अ रिक्वेस्ट फॉर ॲक्सेस. व्हिजिट, काँटॅक्ट, डिमांड, एम्फसाइज, सगळे ह्याच रांगेतले. हे का होतं ते उघड आहे, आपण नामाचं वाक्य जास्त वाचलेलं असतं आणि त्याचं शेपूट क्रियापदाला चिकटवतो. 'कोप अप विथ' पण तसंच जन्मलेलं दिसतं, 'कीप अप विथ' आणि 'कोप विथ' ची खिचडी.

मग काही शब्द असे आहेत की ते भारतात चालतात, आपल्याला एकमेकांचं कळतं, त्यांना चूक म्हणायचं का हा वेगळा वाद आहे आणि मी त्यात फार कडक नाही. पण क्लाएंट अमेरिकन आहे म्हणून माहिती असू द्या. 'आय पास्ड आउट इन 2019' म्हटलं की तो दचकेल, त्याच्या लेखी तुम्ही 2019 मधे बेशुद्ध पडलात. आपल्याकडे तो शब्द पक्का बसलाय, खडकवासल्याच्या एनडीएची पासिंग आउट परेड तर पेपरात दर वेळी येते, आणि लष्करी प्रशिक्षण पूर्ण करण्याचा तो अर्थ ब्रिटिश इंग्रजीत आजही बरोबर आहे, पण कॉलेजसाठी त्याला 'ग्रॅज्युएटेड' सांगा. 'व्हेअर आर यू पुटिंग अप' हे त्याला पाहुणा म्हणून तात्पुरता मुक्काम वाटेल, राहता कुठे असं विचारायचं असेल तर सरळ 'व्हेअर डू यू लिव्ह'. फॉर्म 'फिल अप' आपण म्हणतो, ब्रिटिश जास्त करून 'फिल इन' म्हणतात, अमेरिकन 'फिल आउट'. आत भरा नाहीतर बाहेर भरा, फॉर्म तोच! आणि क्लाएंट 'फिल मी इन' म्हणाला तर फॉर्म नाही, काय झालं ते सगळं मला सांग असं म्हणतोय.

सराव कसा करायचा. दोनशेची लिस्ट बाजूला ठेवा. तुम्हाला दहाएक तर आधीच येतात, फक्त ते मराठी झालेत म्हणून लक्षात येत नाही: लॉग आउट, बॅकअप, ब्रेकडाऊन, ब्रेकअप, लॉकडाऊन, चेक आउट, टेक ऑफ, फॉलोअप, पिकअप, हँडओव्हर. हेच घ्या आणि मागच्या शब्दानुसार लावा, अप चं एक पान, डाऊन चं एक, आउट चं एक. मग कॉलवर, मेलमधे नवीन दिसलं की त्या पानावर टाका, पण एकटं फ्रेजल व्हर्ब लिहू नका, ज्या वाक्यात आलं ते अख्खं वाक्य लिहा, कारण कर्म महत्त्वाचं आहे. 'टर्न डाऊन' आवाजाला लागलं तर कमी करणे, ऑफरला लागलं तर नाकारणे, नुसतं 'टर्न डाऊन' लिहून ठेवलं तर पुढच्या महिन्यात तुम्हालाच कळणार नाही कुठलं. आठवड्यात पाच-सहा वाक्यं जमली तरी खूप झाली. वाक्य तुमच्याच कामातलं असलं की ते पुन्हा कानावर पडतं आणि पुन्हा पडलं की राहतं, पाठांतरात नेमकं हेच होत नाही.

आणि कॉलवर नाहीच कळलं तर अंदाजाने 'येस येस' करू नका, आपल्याला कळलं ते साध्या शब्दात परत म्हणा, 'सो यू वाँट मी टू एक्सप्लेन इट स्टेप बाय स्टेप, राइट?' समोरच्याला ते सावधपणाचं वाटतं, कच्च्या इंग्रजीचं नाही.

राहिला 'गेट' आणि बस. 'गेट' म्हणजे मिळणे हे डोक्यातून काढा, मागे असा शब्द असताना 'गेट' म्हणजे त्या अवस्थेला पोचणे. गेट अप, उठलेल्या अवस्थेला. गेट ओव्हर, आजार नाहीतर दुःख ओलांडून पलीकडे. गेट बाय, कसंबसं भागवून पुढे सरकणे. आता बस, ट्रेन, विमान ह्यांच्यात इंग्रजी माणूस 'ऑन' असतो, ऑन द बस, म्हणून उतरताना 'ऑफ' होणार, गेट ऑफ द बस. कारमधे तो 'इन' असतो म्हणून 'गेट आउट ऑफ द कार'. मोठी गाडी, जिच्यात उभं राहून चालता येतं, तिला ऑन-ऑफ, आणि वाकून आत बसावं लागतं तिला इन-आउट, असं धरलं तर बहुतेक ठिकाणी जमतं. रिक्षाला इन-आउट. स्कूटरवर, सायकलवर, घोड्यावर आपण वर बसतो म्हणून परत ऑन-ऑफ. 'गेट डाऊन' त्यांच्याकडे झाडावरून किंवा शिडीवरून, नाहीतर गोळीबार सुरू झाल्यावर कुणी 'गेट डाऊन!' ओरडलं तर जमिनीवर आडवं पडायला. बसमधे म्हणालात तरी कंडक्टरला कळेलच, फक्त अमेरिकेत गेलात तर ड्रायव्हरला 'आय वाँट टू गेट ऑफ हिअर' असं सांगा.